काकूंचे सांधे

२०२४चा पावसाळा. पुण्यात चिकुनगुनियाची साथ. समोरच्या काकूंचा ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. दिवाळीतही चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायच्या, ब्लाउजचे हुक सुनेकडून लावून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "आता पुरे झालं गं." मी "होईल हो बरं" म्हणून विषय बदलला. ते अजून डाचतं.

०

सांधे असे धरतात ते दाहामुळे. खरं तर दाह ही मुळात शरीराची राखण. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी सायटोकाइनांमार्फत निरोप धाडतात. मग कणकण येते, अन्नावरची वासना उडते, कुणाशी बोलू नये असं वाटतं. दोन दिवसांच्या तापात हे ठीकच. महिनोन् महिने चाललं तर?

हेपटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. तेही सायटोकाइनच. उपचार चालू असताना कितीतरी रुग्णांना नैराश्यानं घेरलं, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार आले. हे वाचल्यापासून 'मन खंबीर ठेवा' असं कुणाला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

०

डेन्मार्कमध्ये ७२ लाख लोकांच्या १९८० ते २०११ या काळातल्या नोंदी तपासल्या. संसर्गामुळे इस्पितळात राहावं लागलेल्यांत आत्महत्येचा धोका ४२ टक्के जास्त निघाला. संसर्गामुळेच तसं घडलं, हे त्यातून ठरत नाही. पण इस्पितळातून घरी आलेल्या माणसाकडे लक्ष ठेवायला एवढं पुरे.

०

डाळी-दुधातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं. दाह वाढला की जास्त ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेला लागतं आणि मेंदूच्या पेशींना डिवचणारं क्विनोलिनिक आम्ल तयार होतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या काहींच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ते जास्त सापडलं, स्वीडनमध्ये.

०

रक्तातला दाह दाखवणाऱ्या सीआरपीची तपासणी इथं कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते. त्या आकड्यावरून कुणाच्या मनात काय चाललंय ते मात्र कळत नाही. २०१३मध्ये अमेरिकेत नैराश्याच्या ६० रुग्णांवर संधिवाताचं औषध इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. सरसकट फायदा झाला नाही. ज्यांचा सीआरपी ५च्या वर होता, त्यांच्यात थोडा दिसला. तेव्हा सुजेच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत.

०

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या घडणीत पुण्याच्या डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा. या कायद्याच्या ११५व्या कलमानं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं. त्या ताणात मी ठणकणारे सांधेही धरते.

०

परवा काकूंकडे गेले. सरळच विचारलं, "काकू, जीव नकोसा होतो का?"

चिडल्या नाहीत. "रात्री होतो. दोन-अडीचला, बोटं ठणकायला लागली की."

दुसऱ्या दिवशी सांध्यांच्या डॉक्टरांना हेही सांगितलं. टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवला. चोवीस तास चालू, मराठीतूनही बोलता येतं. काकूंनी त्याखाली माझा नंबर लिहायला लावला, मोठ्या अक्षरांत.