ठणका थांबला, दाढ गेली

आमच्या फैजपूरकडे केळीची कापणी लागली की दात दुखतो म्हणून कुणी घरी बसत नाही. रोज बुडाला तर चूल कशी पेटायची? माझी खालची दाढ दुखू लागली तेव्हा मीही तेच केलं. लवंग दाबली, मशेरी दाबली, दुकानातून गोळी आणली. रात्री आडवं झालं की ठणका मस्तकात जायचा. आठ-दहा दिवसांनी तो आपोआप थांबला. वाटलं, बरं झालं, पैसे वाचले.

चार महिन्यांनी गाल सुजला, हिरडीला पुवाची पुळी आली. दाढ काढावीच लागली. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, “ताई, दाढेच्या आत जिवंत नस असते. कीड तिथवर गेली की ठणका लागतो. नस मेली म्हणून ठणका थांबला. पू मात्र मुळाशी साचत राहिला.”

मागच्या वर्षी लेकीची दाढ गरम चहाने कळ मारू लागली. त्याच आठवड्यात तिला नेलं. सासूबाई म्हणाल्या, “दाढेला हात लावला तर डोळे जातात.” डॉक्टर म्हणाले, “आजी, डोळ्याची नस वेगळी.” फोटो काढला तर मुळं वाकडी. त्यांनी रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे जळगावला चिठ्ठी दिली.

हे तज्ज्ञ बी.डी.एस. नंतर तीन वर्षं याच कामाचं शिक्षण घेऊन एम.डी.एस. होतात. साधं रूट कॅनॉल नेहमीचे दंतवैद्यही करतात. पण मुळं वाकडी असतील, नळ्या बुजल्या असतील किंवा एकदा केलेलं पुन्हा दुखत असेल, तर तज्ज्ञच बरा. दाढेत बहुधा तीन-चार नळ्या असतात. एक राहिली तरी दुखणं परत येऊ शकतं. लेकीची दाढ बधिर करून नळ्या साफ केल्या, भरल्या, वर टोपी बसवली. खर्च आम्ही आधीच विचारून घेतला होता. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

भगिनींनो, रात्री ठणका लागला, गरम-थंडाची कळ लवकर जाईना, चावताना दुखलं, हिरडीला पुळी आली किंवा दात काळा पडला, तर दिवस मोजू नका. सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा.

लेक त्याच दाढेने भाकरी चावते. मी अजून एकाच बाजूने जेवते.