गाविलगडाच्या दऱ्यांत दोन दिवस

वऱ्हाडांतील वसंत अल्पायुषी. शिमग्याच्या आगेंमागें आठ-पंधरा दिवस तो दिसतो, आणि मग सूर्यनारायण त्याची जागा घेतात. मैदानांत तर तो दिसतहि नाहीं. पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानांत कोकिळेनें बसावें कोठें? वसंत पाहावयाचा तर अकोट-अंजनगांवाहून परतवाड्याकडे जातांना उत्तरेस जी निळी भिंत सोबत करते, तिच्या दऱ्यांत शिरावें लागतें.

आम्ही शनिवारीं पहांटे निघालों. मंडळी सहा: पुण्याहून आलेलीं दोन नातवंडें, वडीलबंधूंची सून, शेजारचे दोन तरुण आणि आम्ही. ज्याचें ओझें त्यानें वाहावें असा ठराव होता. त्यामुळें तरुणांच्या प्रचंड पिशव्यांतील अर्धें सामान परतवाड्यासच उतरलें, आणि भाकरी, ठेचा, पांघरूण व पाणी एवढेंच वर चढलें. वनखात्याचा परवाना घेतला होता. मेळघाट हा १९७३-७४ मध्यें देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक ठरला. त्याच्या गाभ्यांत पायीं हिंडूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. आम्हीं दक्षिण उतारावरील, गांवकऱ्यांच्या जाण्यायेण्याची वाट धरली.

पायथ्याशीं नाल्याचें मुख कोरडें ठणठणीत होतें. वाटेल तेवढे गोटे, पाण्याचा थेंब नाहीं. नातवंडांचे चेहरे उतरले. पण या प्रदेशाची रीतच अशी आहे. डोंगरांतून आलेला प्रवाह पायथ्याच्या गोट्यारेतींत बुडी मारतो. वर दरींत, जेथें काळा खडक उघडा आहे, तेथें तो पुन्हा भेटतो. तासाभराच्या चढणीनंतर भेटलाहि, परंतु डोहाच्या रूपानें नव्हे. आमचा वाटाड्या पन्नाशींतला कोरकू गृहस्थ होता. त्यानें एका वळणावरील ओलसर वाळू हातांनीं उकरून हातभर खोल झिरा केला. पहिलें गढूळ पाणी उपसून टाकलें, दुसरेंहि टाकलें, आणि तिसऱ्या वेळीं वाटी भरून आमच्यापुढें धरली. "डा," तो म्हणाला. कोरकूंत पाण्याला डा म्हणतात. त्यांची भाषा मुंडा कुळांतील, छोटानागपूरकडील संथाळांच्या भाषेची बहीण. आमचें उदक आणि नीर तिला परके. पूर्णेच्या दोन्ही कांठच्या खारपाणपट्ट्यांत ज्यांनीं विहिरीचें मचूळ पाणी पिऊन दिवस काढले, त्यांनाच त्या वाटीची गोडी समजेल. शहानूर धरणाचें पाणी नळानें दर्यापूराकडील खेड्यांस जातें, तेंहि याच डोंगरांचें.

दरी आंत जाऊं लागली तशी सावली दाट झाली. उतारावरील साग निष्पर्ण उभे, पण ओढ्याच्या कांठीं अर्जुन, जांभूळ, उंबर हिरवे राहतात. कुसुमाची कोंवळी पालवी इतकी तांबडी कीं सूनबाईंनीं तिला फुलें मानलें. पळस आणि पांगारा यांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. संस्कृत कवींनीं आमच्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवलेलें नाहीं. मोहाचा मात्र त्यांनीं वासच सांगितला, त्याच्या पाठीमागचें पोट सांगितलें नाहीं.

दुपारीं बाजूच्या घळींतून धूर आला. वाटाड्यानें ओझें खालीं टाकलें आणि निरगुडीच्या ओल्या फांद्या तोडून तो धांवत सुटला; मागोमाग दोघे तरुण. वरून वनमजूर आलेच होते. दोन तास झोडपल्यावर आग ओढ्याच्या खडकाशीं थांबली. आम्हीं मुलांस व सूनबाईंस घेऊन पात्रांतील उघड्या खडकावर बसून राहिलों. जळक्या पानांचे काळे तुकडे अंगावर पडत होते. थोरली नात तेवढा वेळ एक शब्द बोलली नाहीं.

वणव्याचें कारण बहुधा साधेंच असतें. मोहाचीं फुलें पहांटे गळतात. पाचोळ्यांत तीं दिसत नाहींत, म्हणून झाडाखालील पाचोळा पेटवितात, आणि वारा तो पुढें नेतो. आग ओसरल्यावर सूनबाईंनीं वाटाड्यास विचारलें, "जुनीं लुगडीं पसरलीं तर नाहीं चालणार?" घाम पुशीत तो हंसला. "बाई, इतकीं लुगडीं घरांत असतीं, तर मोह वेचाले कायले आलो असतो?" तरुणांपैकीं एकास उत्तर सुचत होतें, आम्हीं त्याला डोळ्यांनीं गप्प केलें. झाडून काढलें तरी काम होतें, कांहीं ठिकाणीं लोक झाडतातहि. पण तें पहाटेपूर्वीं कंदिलाच्या उजेडांत कंबर मोडून करावें लागतें, हें सावलींत बसून सांगणें आम्हांस बरें वाटेना.

रात्र मोथ्यास गवळ्यांच्या वस्तींत काढली. दूध उत्तम, झोंप त्याहून उत्तम.

रविवारीं गाविलगड. अहमदशहा बहामनीनें १४२५ च्या सुमारास उभारलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजांनीं भोंसल्यांकडून घेतला. त्यापूर्वीं स्टीव्हन्सनच्या फौजेनें याच डोंगरांतून वाट फोडीत तोफा हातांनीं ओढून उत्तरेच्या बाजूस नेल्या होत्या, हें ऐकल्यावर पिशव्यांच्या वजनाची तक्रार बंद झाली. जवळच भीमकुंड. भीमानें कीचकास येथें लोटलें म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, असें लोक सांगतात. महाभारतांत कीचकवध नर्तनशाळेंत, आणि पंडित विराटनगर राजस्थानांतील बैराट येथें मानतात. परंतु त्या कड्यावर उभें राहून हें बोलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

तटावरून नातवानें विचारलें कीं, या पाठीवर पडलेला पाऊस कोठें जातो. उत्तरेकडील सिपना, गडगा इत्यादि नद्यांवाटे तापीला, दक्षिणेकडील पूर्णेला. आणि पूर्णा खानदेशांत चांगदेवापाशीं तापीलाच मिळते. "म्हणजे भांडून वेगळे झालेले भाऊ," नात म्हणाली. एकत्र कुटुंबांतील मुलीस असे दाखले लवकर सुचतात.

सायंकाळीं दर्यापूरास आप्तांकडे उतरलों. चहा ठेवतांना सूनबाईंनीं पिशवींतून बाटली काढली. झिऱ्याचें अर्धा शेर पाणी त्यांनीं दोन दिवस न पितां जपून आणलें होतें. घरच्या आजींनीं त्यांतलें भांडेंभर वेगळें काढून देवापुढें ठेवलें, आणि उरलेल्याचा चहा झाला.