बरणी, कॅमेरा आणि आमचा गोली



२ नोव्हेंबरला मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून आलो की त्याच आठवड्यात मी माळ्यावरून चिनीमातीची बरणी काढतो. काळी द्राक्षं, जवळजवळ तेवढीच साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, लवंग-दालचिनी आणि थोडं यीस्ट. वर मलमलचं फडकं. रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं, मग नाताळपर्यंत निवळू द्यायचं. बाटलीचं बूच घाईने घट्ट लावायचं नाही. यीस्ट साखरेचा मद्यार्क करतं तसा वायूही सोडतं. एकदा रात्री दोन वाजता माझी बाटली फुटली तेव्हा बायको दचकून उठली आणि थेट रोझरी म्हणू लागली.

दुसरा छंद कॅमेऱ्याचा. मी मूळचा पेडण्याचा, शाळा मराठीतून झाली, म्हणून प्रार्थना कोंकणीत आणि लिखाण मराठीत. पण वास्कोच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये लोक मला ओळखतात ते ‘फोटोवाला’ म्हणून. ३० नोव्हेंबरच्या फेस्तापूर्वीचे नोव्हेनाचे नऊ दिवस, बाप्तिस्मे, पहिलं कम्युनियन, सगळीकडे मी असतो. फ्लॅश वापरत नाही. आयएसओ ३२०० वर ठेवतो आणि अर्पणाच्या क्षणी कॅमेरा खाली घेतो. एवढी शिस्त माझ्यात आहे असं मला वाटायचं.

कॅनडातला भाचा डिसेंबरात बर्फावर घसरतानाचे फोटो पाठवतो. आमच्याकडे हिवाळी खेळ म्हणजे फुटबॉल. पावसाची माती सुकली की पोरं मैदानात. त्यांना शिकवायचा आमचा गोली. नाव लिहीत नाही. तो हे वाचणार आहे, आणि त्याच्या परवानगीनेच लिहितो आहे. तरुणपणी गोलपोस्टमध्ये उभा राहायचा, नंतर दारूत बुडाला, मग ए.ए.च्या बैठकांना जाऊन सावरला. चौदा महिने थेंब घेतला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात, मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर हॉलमध्ये केक आणि माझी वाईन होती. त्याने हात आडवा केला. मी म्हणालो, “अरे, घरची आहे. द्राक्षांचा रस नुसता!” आजूबाजूचे हसले. त्याने ग्लास घेतला. मी फोटो काढला. सुंदर आला होता: मागे गोठ्याचे दिवे, ग्लासात लाल उजेड. घरी जायच्या आधीच ग्रुपवर टाकला. ‘आमचा गोली परत फॉर्मात’ असंही लिहिलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची बायको दारात उभी होती. आत आली नाही. “दादा, तेवढा तो फोटो काढून टाका. पोरं बघतात.” बस्स. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तोवर त्याचं पुन्हा सुरू झालं होतं, आणि मैदानावर पोरं आपापली लाथा मारत होती.

मी स्वतःचं समर्थन बरंच केलं. कानाच्या लग्नात प्रभूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, मग माझ्या एका ग्लासाचं काय? पण त्या लग्नात नको म्हणणाऱ्याच्या हातात कुणी ग्लास कोंबल्याचं योहान लिहीत नाही. आणि पौल रोमकरांना लिहिताना मांस आणि द्राक्षारस दोन्हींची नावं घेतो: ज्याने भाऊ अडखळतो ते न घेतलेलं बरं. हे वाचन मी स्वतः वेदीवरून वाचलेलं आहे.

कन्फेशनला गेलो तर फादरांनी आधी विचारलं, “त्याला भेटलास?” नव्हतो भेटलो. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी गेलो. चहा पाजला त्याने. क्षमा मागताना मी फार बोललो, तो फार गप्प होता. फादरांनीच मला नंतर मुस्तुमबद्दल सांगितलं. ज्या याजकाला दारूचा त्रास आहे त्याला बिशपांच्या परवानगीने, न आंबलेला किंवा आंबणं थांबवलेला द्राक्षरस मिस्सेसाठी वापरता येतो. रोमहून २००३ साली त्याविषयी पत्रही निघालं होतं. प्रत्यक्ष वेदीवर एका माणसासाठी एवढी जागा केली जाते, आणि मी हॉलमधल्या टेबलावर केली नव्हती.

तो सावरायला पावसाळा उजाडला. ते त्याचं, त्याच्या बायकोचं आणि बैठकांतल्या लोकांचं काम. माझं त्यात काही नाही. मी आता फोटो विचारून काढतो आणि ग्रुपवर टाकण्यापूर्वी परत विचारतो. वाईन घरापुरती, एक बरणी. हॉलसाठी द्राक्षं साखर न घालता मंद आचेवर शिजवून, गाळून, तो रस उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरतो. यीस्ट तापानेच मरतं.

गेल्या नाताळात त्या बाटल्या गाडीतून उतरवायला तोच आला. एक उघडली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मग ग्लासात ओतून घोट घेतला.

“साखर घालायला काय झालं होतं रे तुला?” म्हणाला, आणि पोरांना हाक मारून पेट्या आत न्यायला लावल्या.