शॉकनंतरचे चार आठवडे

प्रिय दादा,


काल फोनवर तू म्हणालास, ‘एकदा हृदयाला शॉक दिला, ठोके ताळ्यावर आले, की रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद.’ तेवढं मनातून काढून टाक.

शॉकची मला धास्ती नाही. हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी १९६२च्या सुमाराला ही पद्धत रूढ केली. थोडा वेळ गुंगी, ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला झटका, की झालं. काळजी आहे ती नंतरची. कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, नुसती थरथरत असते तेव्हा तिच्यात रक्त साचतं, गुठळी धरते. ठोके सुधारले तरी ती लगेच नीट आकुंचन पावत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे बधिरच राहते. तेव्हाही नवी गुठळी होऊ शकते आणि कर्णिकेत जोर आला की ती सुटून रक्ताबरोबर निघते. म्हणून गोळी आधी किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार. त्यापुढचं डॉक्टर ठरवतील, तू नाही.

गुठळी मेंदूत गेली तर तोंड वाकडं होतं, घरच्यांना कळतं. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तिथली रोहिणी तुंबली, की कुशीत एकाएकी कळ, मळमळ, कधी लघवीतून रक्त. अगदी मुतखड्यासारखं! तुला तर खडा होऊन गेलाय. कुळथाचं कढण पीत, पानफुटीची पानं चावत तू दोन दिवस घरी काढशील, हीच मला भीती. मूत्रपिंडाला तेवढी सवड नसते रे. रक्तपुरवठा तुटलेला भाग काही तासांत मरू लागतो.

अशी कळ आली तर थेट इस्पितळ गाठ आणि आधी ‘हृदयाला शॉक दिलाय’ हे सांग. साध्या सोनोग्राफीत हे बहुधा सुटतं. कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन करावा लागतो. वहिनीलाही हे पत्र वाचायला दे.

आणखी एक. रक्त पातळ करायच्या गोळ्यांतल्या काही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. डाबिगाट्रान तर सुमारे ८० टक्के. क्रिएटिनिन पाहूनच डोस ठरतो. तुझा रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव.

तुझी,
माई