लंडनच्या बुरुजांतील दोघे भाऊ

चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब लंडन येथें असतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांस तिकडे जाण्याचा योग आला. परत आल्यावर आप्तेष्ट विचारतात, काय काय पाहिलें? राजवाडे, पूल, संग्रहालयें यांचीं नांवें ऐकण्याची त्यांची अपेक्षा असते. तीं सर्व पाहिलीं, आणि बरीचशीं विसरलोंही. चित्तांत राहून गेली ती एका जिन्याखालची जागा आणि एक संगमरवरी पेटी.

टेम्स नदीच्या उत्तर तीरावर ‘टॉवर’ नांवाचा किल्ला आहे. नांवावरून एकच बुरूज असावा असें वाटतें. परंतु तो तट, खंदक आणि अनेक बुरूज असलेला चांगला भुईकोट आहे. मधला पांढरा बुरूज नॉर्मंडीहून आलेल्या विल्यम राजानें अकराव्या शतकांत बांधावयास घेतला. पुढें तेथें राजे राहिले, खजिना राहिला आणि कैदीही राहिले. आमच्याबरोबर नातू होता. त्याचें नववें वर्ष नुकतेंच सरलें होतें, आणि सारें लक्ष तेथें पाळलेल्या डोमकावळ्यांकडे होतें. पांढऱ्या बुरुजाच्या जिन्यापाशीं एक फलक आहे. तो त्यानेंच आम्हांस वाचून दाखविला. आमचा चष्मा सौ.च्या पिशवींत होता. १६७४ सालीं या ठिकाणचा जुना जिना पाडतांना कामकऱ्यांस जमिनींत एक लांकडी पेटी सांपडली व तींत दोन मुलांचीं हाडें होतीं, असा त्या हकीकतीचा आशय.

“आजोबा, हीं मुलं कोण?”

इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड १४८३ च्या एप्रिलांत वारला. त्याचा थोरला मुलगा एडवर्ड बारा वर्षांचा होता आणि धाकटा रिचर्ड नऊ वर्षांचा. थोरला हा ‘पांचवा एडवर्ड’ म्हणून राजा झाला. तो लंडनकडे येत असतां वाटेंत त्याचा काका, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, यानें त्यास आपल्या ताब्यांत घेतलें. राज्याभिषेकापूर्वीं राजानें टॉवरमध्यें मुक्काम करावा अशी चालच होती. त्यामुळें मुलास तेथें नेलें यांत वरवर पाहतां वावगें कांहीं नव्हतें. आई मात्र धाकट्यास व मुलींस घेऊन वेस्टमिन्स्टरच्या मठांत आश्रयास जाऊन बसली होती. १६ जून रोजीं धर्मगुरूंकरवीं तिचें मन वळविण्यांत आलें, आणि थोरल्यास भावाची सोबत हवी अशा बोलण्यानें धाकटाही त्याच किल्ल्यांत गेला. दहा दिवसांनीं काकानें राज्य घेतलें. मुलांच्या आईबापांचा विवाहच अशास्त्र, सबब मुलें औरस नव्हेत, असें त्याचें कारण दाखविण्यांत आलें. ६ जुलैस त्याचा राज्याभिषेक झाला.

दोघे भाऊ टॉवरच्या बागेंत धनुष्यबाणानें खेळतांना लोकांस अनेकदां दिसले, असें लंडनच्या एका जुन्या बखरींत आहे. पुढें त्यांस आंतल्या खोल्यांत नेलें. गजांआडून ते दिसत, पण दिवसेंदिवस कमी, आणि अखेर मुळींच दिसेनासे झाले. हें मॅन्सिनी नांवाच्या एका इटालियन गृहस्थानें त्याच वर्षीं लिहून ठेविलें आहे. तो त्या वेळीं लंडनांत होता. थोरल्याच्या वैद्यानें त्यास सांगितलें कीं, मरण जवळ आलें असें वाटून तो मुलगा रोज आपल्या पापांची कबुली देऊन देवाची करुणा भाकीत असे. बारा वर्षांच्या मुलाचीं पापें तीं काय असावयाचीं?

एवढें सांगून झाल्यावर नातवानें विचारलें, “मग त्यांना कोणी शोधलं नाही?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आपल्याकडे १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. तेथेंही काका-पुतण्याच होते. नारायणराव अठरा वर्षांचे, मूल नव्हत, ही गोष्ट वेगळी. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका कितपत खरी हेंही बाजूस ठेवूं. पण रामशास्त्री प्रभुणे यांनीं तपास केला आणि गादीवर बसलेल्या दादासाहेबांस त्यांच्या तोंडावर दोषी ठरविलें. लंडनांत रामशास्त्री निघाला नाहीं. १४८५ च्या ऑगस्टांत बॉस्वर्थच्या लढाईंत काका पडला व सातवा हेन्री राजा झाला. या नव्या राजानें मुलांच्या थोरल्या बहिणीशीं विवाह केला. मेहुण्यांचें काय झालें हें जाणून घेण्यास याच्याहून अधिक हक्कदार कोण? परंतु त्यानेंही उघड चौकशी कधीं केली नाहीं. मेलेल्या राजावर ठेवलेल्या आरोपांत ‘बालकांचें रक्त सांडलें’ असे मोघम शब्द तेवढे घातले. पुढें एक तरुण ‘मीच तो धाकटा रिचर्ड’ म्हणत उभा राहिला. १४९९ सालीं त्यास फांशीं दिलें.

आठ दिवसांनीं आम्ही वेस्टमिन्स्टर ॲबे पाहण्यास गेलों. सातव्या हेन्रीनें बांधविलेल्या तेथील देवालयांत, उत्तरेकडील अंगास, एलिझाबेथ राणीच्या भव्य समाधीमागें एक लहानसा कोपरा आहे. पहिल्या जेम्स राजाच्या दोन मुली तेथें आहेत. त्यांतली एक तीन दिवसांची होऊन गेली. तिची समाधी पाळण्याच्या आकाराची केलेली आहे. सौ. त्या पाळण्यापाशीं बराच वेळ थांबल्या. भिंतीशीं ती संगमरवरी पेटी. तिची आखणी प्रसिद्ध शिल्पज्ञ रेन यांनीं केली, आणि १६७८ सालीं जिन्याखालचीं हाडें तींत ठेवण्यांत आलीं. थोरला एडवर्ड जन्मला तो याच मठाच्या आवारांत, १४७० सालीं, आई अशीच आश्रयास आली असतां. म्हणजे हाडें त्याचीं असतील तर तो फिरून जन्मस्थानींच आला.

पेटीवर लॅटिन लेख आहे. आम्हांस लॅटिन येत नाहीं. परंतु ‘फ्रात्रेस’ हा शब्द दिसला कीं ‘भ्रातरः’ आठवल्यावांचून राहत नाहीं, आणि ‘पात्रुउस’ म्हणजे तर आपला ‘पितृव्य’च. त्या पितृव्यास तेथें विश्वासघातकी व राज्यहर्ता म्हटलें असून, त्यानें मुलांस उशांखालीं गुदमरविलें व चोरून पुरविलें असें दगडावर कोरलें आहे.

दगडावरील अक्षर खरें धरण्याची आपणां सर्वांस संवय असते. आम्हीं वर्गांत हेंच शिकविलें. शेक्सपिअरचा कुबडा रिचर्ड आम्ही मोठ्या आवेशानें वठवून दाखवीत असूं. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, हें कोणीं पाहिलं?” आम्हांस तो उद्धटपणा वाटला, आणि तास संपेपर्यंत त्यास बाकावर उभें केलें. पेटीपुढें उभें असतां तो मुलगा आठवला. उशांच्या गोष्टीचा मुख्य आधार म्हणजे सर टॉमस मोर यांचा ग्रंथ. घटनेच्या वेळीं मोर पांच-सहा वर्षांचे. ग्रंथ लिहिला तो सुमारें तीस वर्षांनीं, काकास मारून राज्य मिळविणाऱ्या घराण्याच्या अमलांत. प्रेतें जिन्याच्या पायथ्याशीं पुरलीं असें मोर लिहितात खरे. परंतु पुढें एका धर्मोपदेशकानें तीं तेथून काढून गुप्त जागीं नेलीं, हेंही तेच लिहितात! मग जिन्याखालीं सांपडलीं तीं हाडें कोणाचीं? १९३३ सालीं पेटी उघडून तज्ज्ञांनीं तपासणी केली. हाडें त्याच वयांच्या सुमाराच्या दोन मुलांचीं असावींत असें त्यांचें मत पडलें. पण तीं मुलांचीं कीं मुलींचीं, कोणत्या शतकांतलीं, हें त्या काळच्या साधनांनीं ठरण्यासारखें नव्हतें. काकाचे अवशेष मात्र २०१२ सालीं लेस्टर येथें मोटारी उभ्या करण्याच्या जागेखालीं सांपडले, डीएनए परीक्षेनें ओळख पटली, आणि २०१५ सालीं त्यांचें सन्मानपूर्वक दफन झालें. पेटींतल्या हाडांची तशी परीक्षा आजवर झालेली नाहीं. कोणी काकास दोषी धरतात, कोणी बकिंगहॅमच्या ड्यूकास, कोणी सातव्या हेन्रीस. आणि २०२३ सालीं नेदरलंड्स व फ्रान्स येथील दप्तरांतले कागद पुढें करून मुलें जगलींच होतीं असेंही प्रतिपादन करण्यांत आलें. तें बहुतेक इतिहासकारांस पटलेलें नाहीं. आमचा स्वतःचा संशय आजही काकावरच आहे. ज्याच्या ताब्यांत मुलें होतीं त्यानें त्यांचा हिशेब द्यावयास नको काय? पण संशय निराळा आणि वर्गांत शपथेवर सांगणें निराळें.

या सगळ्या वादांत मुलें कशीं होतीं हें कोणी फारसें विचारीत नाहीं. घरीं आल्यावर त्याविषयीं जें मिळेल तें आम्ही वाचूं लागलों. थोरला वेल्सच्या सीमेवर लडलो येथील किल्ल्यांत वाढला. १४७३ सालीं, त्यास तीन वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं तेव्हांच, बापानें त्याच्या दिनचर्येचे नियम लिहून पाठविले. सकाळीं लौकर उठावें, प्रार्थना करावी, मग न्याहारी, मग पाठ. जेवतांना थोर पुरुषांच्या गोष्टी वाचून दाखवाव्यात. दुपारीं वयास शोभतील असे मर्दानी खेळ. रात्रीं आठास निजवावें, आणि निजतांना मूल हंसतमुख असेल असें सेवकांनीं पाहावें! आम्हीं जन्मभर वेळापत्रकें केलीं, पण हें शेवटचें कलम एकाही वेळापत्रकांत घालण्याचें सुचलें नाहीं. हा मुलगा गद्य-पद्य कांहींही पुढें ठेवलें तरी उत्तम वाचून समजून घेई, अशी ग्वाही मॅन्सिनीनें दिली आहे. धाकट्याविषयीं याहूनही कमी कळतें. चौथ्या वर्षीं, १४७८ सालीं, त्याचें लग्न लावलें होतें. मुलगी पांच वर्षांची. आपल्या आज्या-पणज्यांचीं लग्नें आठवणाऱ्या वाचकांस याचें नवल वाटूं नये. ती बालवधू आठव्या वर्षींच वारली. १९६४ सालीं बांधकाम चालू असतां तिची शवपेटी सांपडली, आणि पुढील वर्षीं ॲबेंत त्याच देवालयांत तिला पुन्हां पुरलें.

त्या दिवशीं परतावयास उशीर झाला. नातवास निजवितांना साडेआठ वाजून गेले होते. त्यानें गोष्ट मागितली नाहीं. पांघरुणांतून म्हणाला, “आजोबा, ते धनुष्य कुठे गेलं असेल?”

आम्ही म्हणालों, बाळ, तें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

“बागेतच राहिलं असेल,” असें म्हणून तो कुशीवर वळला.