सुट्टीच्या आधी

१.
वॉर्डात डिस्चार्ज कुणी म्हणत नाही. 'सुट्टी' म्हणतात. सकाळच्या राउंडला जवळजवळ प्रत्येक खाटेवरून एकच प्रश्न येतो : "आज सुट्टी हाय का?"

२.
१०८ ची गाडी दवाखान्यात आणते, घरी सोडत नाही. बाळंतिणीला आणि बाळाला घरी पोचवायला २०११ पासून सरकारी गाडी आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी पालमला काळीपिवळीनं जातात.

३.
पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत. बसची पहिली पायरी मात्र उंच. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही जिन्यावर तालीम घेतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका बाबांनी ते पाठ केलं आणि शेजारच्या खाटेला शिकवलं.

४.
फाइलमध्ये घराविषयी एकही रकाना नाही, म्हणून मी वहीत वेगळं लिहिते. संडास घरात की अंगणापलीकडं? बसायचा की खुर्चीचा? उंबरा किती उंच? रात्री वाटेत दिवा असतो का? न्हाणीची फरशी घसरते का? आजी बाजेवर झोपतात की खाली? बाज सैल पडली असेल तर तिच्यातून उठणं अवघड. खुरांखाली विटा ठेवायच्या, पण चारही सारख्या आणि हलणार नाहीत अशा. खुब्याच्या रुग्णाला खाली बसायची मनाई आहे, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची घरी येईपर्यंत चार दिवस जातात. म्हणून हे प्रश्न दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारायचे, सुट्टीच्या सकाळी नाही.

५.
दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघून जातात. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं.
फाइलमध्ये लिहिलेलं : 'नातेवाइकांना समजावून सांगितले.'
नातेवाईक पाचवीत शिकतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही, हे त्यानं एकदाच ऐकून बरोबर सांगितलं. रिकामी करण्याआधी हात धुवायचे, हेही. गावच्या आशाताईंचा नंबर त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला.

६.
"समजलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "बाबा, आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी कोणती गोळी घेणार?" असं विचारावं. एका बाबांनी दोन पट्ट्या पुढं केल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, आत बीपीची तीच गोळी. एक गावाकडची, एक आमची. दोन्ही घेतल्या असत्या. तेव्हापासून घरची गोळ्यांची जुनी पिशवी मागवल्याशिवाय मी कागद हातात देत नाही.

७.
वाचता येत नसेल त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतात. मोतीबिंदू असलेल्या आजींना दोन्ही गोलच दिसले. त्यांनीच दोरा मागितला. सकाळच्या पाकिटाला एक गाठ, रात्रीच्या पाकिटाला दोन.

८.
"उपवास करू नका" म्हटलं की बोलणं तिथंच संपतं.
"एकादशीला शुगरची गोळी कशी घ्यायची?" म्हटलं की माय पदर सावरून नीट बसते.
काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर घसरते. घाम येतो, हात थरथरतात. तेव्हा आधी दोन-तीन चमचे साखर पाण्यातून, व्रत नंतर. कोणती गोळी त्या दिवशी कमी करायची, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं.

९.
मीठ कमी सांगितलं होतं. लोणच्याविषयी कुणी बोललं नव्हतं.

१०.
मे महिना. परभणीचा पारा चव्वेचाळीसवर, घरावर पत्रे. हृदय थकलेल्या बाबांच्या कागदावर 'पाणी दीड लिटर'. त्यांच्या तांब्यानं ते किती? सुनेनं घरून तांब्या आणला, आम्ही मापून पाहिला : दोन तांबे. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना अशा उन्हाळ्यात उठताच चक्कर आली, तर दवाखान्याला फोन करायचा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, पायावर सूज आली, तरीही. घरात वजनकाटा नाही. सून म्हणाली, गावात धान्याचा आडत्या आहे, त्याच्या काट्यावर उभं करीन. तेही लिहून घेतलं.

११.
सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, २०२४ पासून आयुष्मान कार्ड. त्यात सुट्टीनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं येतात. बीपीची गोळी सोळाव्या दिवशीही लागते.

१२.
२०२३ पासून परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी सुट्टी झालेल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर त्याच्या उंबऱ्यापर्यंत जावं, असं मला फार वाटतं.

१३.
जिंतूरकडचे एक बाबा, अर्धांग झालेलं. घरी काय काय लागेल, ते आम्ही मुलाला सांगत होतो. कुशीवर वळवणं दर दोन तासांनी, घास बसवूनच भरवायचा. मुलगा मान हलवत होता. बाबांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? बराच वेळ लागला त्यांना शब्द जुळवायला.
"बाज ओसरीत टाका. येणारं-जाणारं माणूस दिसलं पायजे."
कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलं, गोळ्या त्याखाली.