केर बाहेर टाकायचा नाही

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक साताऱ्यात शिकवतो, एक सांगलीत. वर्गातील गळतीचा विषय निघाला की दोघांच्याही बोलण्यात तेच तालुके येतात : माण, खटाव, खानापूर, आटपाडी. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एखादा विद्यार्थी दिसेनासा होतो. चौकशी केली की सोबती सांगतात, 'गलाईला गेला.'

गलाई म्हणजे सोन्याचांदीचे शुद्धीकरण. या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील माणसे त्यासाठी देशभरातील सराफपेठांत जाऊन स्थिरावली आहेत. ज्यांच्या घरी कोरडवाहू शेतीखेरीज काही नव्हते, त्यांची मुले परक्या मुलखात, परक्या भाषेत, एका अनोळखी धंद्यात वर्ष-दीड वर्षात तयार होतात. हे कसे घडते, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. कवितेची उत्तम जाण असलेला आमचा एक विद्यार्थी असाच गेला, तेव्हा 'वाया गेला' एवढेच आम्ही म्हणालो.

पुढे व्यवसायबोलीतील शब्द जमवण्याचे काम आम्ही हाती घेतले. दिवाळीला तो कोइमतूरहून विट्याजवळच्या गावी आला होता, त्याला गाठले. त्याने एक जुनी वही काढली. पुढच्या पानांवर आम्ही सांगितलेली काव्यप्रयोजने होती. मागच्या पानांवर देवनागरीत 'ओन्नु, रेण्डु, मूणु' आणि त्याखाली 'एक पवुन म्हणजे आठ ग्रॅम'.

'पहिले काही महिने नुसता झाडू मारला, सर,' तो म्हणाला. 'पण केर बाहेर टाकायचा नाही. त्यात सोनं असतं.' झारेकरी हा शब्द आम्ही कोशात वाचला होता. सोनाराच्या दुकानातील राख-माती धुऊन धातूचे कण काढणारा. त्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी प्रथमच समजला.

मग भट्टी. सोन्यात चांदी अशी मिसळायची की सोने साधारण चौथा हिस्सा राहावे. टाकणखार घालून मुशीत वितळवायचे, पाण्यात ओतून कण करायचे आणि ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी विरघळते; तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच शुद्ध सोने. 'पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, माल जळाला,' तो हसून म्हणाला. पुन्हा वितळवल्यावर ते पिवळे होते. द्रावणातील चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवतात. आम्ही प्रत्येक शब्दाची व्याख्या विचारत होतो आणि तो प्रत्येक वेळी हातानेच काहीतरी करून दाखवत होता.

आमच्या परिसराला हे अगदी नवे नाही. चित्रकला शिकायला मुंबईला गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर रंगांधत्वामुळे यांत्रिक आरेखनाकडे वळले, ते शिकवू लागले, पुढे बेळगावात सायकली विकल्या आणि 1910 साली कुंडलजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला. त्यांची गोष्ट आम्ही कौतुकाने सांगतो. गलाईला गेलेल्या मुलाचे नाव मात्र हजेरीपटावरून खोडतो.

या शिकण्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ॲसिडचा तांबूस धूर छातीत जातो, हे त्याने न विचारता सांगितले. वही परत ठेवताना तो म्हणाला, 'पदवी राहिली याचं वाईट वाटतं, सर.' त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मात्र एवढे उमगले की नव्या क्षेत्रात लवकर रुळायचे तर आपल्याला काही येत नाही, हे आधी कबूल करावे लागते. त्याने हाती झाडू घेऊन ते कबूल केले होते. मूस, कस, कसोटी हे शब्द वीस वर्षे प्रतिमा म्हणून शिकवणाऱ्या आम्ही ते केले नव्हते.

यंदा वर्गात 'कसोटी' हा शब्द आला, तेव्हा अर्थ सांगण्याआधी आम्ही विचारले, कसोटीचा दगड कोणी पाहिला आहे का? मागच्या बाकांवरून दोन हात वर झाले. त्या तासाला पुढे आम्ही फारसे बोललो नाही.